साक्षीला आलेली माणसं

पप्पांना मी कधी चोर पकडताना पाहिलं नाही. पोलिसात असूनही त्यांच्या हातात काठी क्वचितच दिसायची. ते पैरवी हवालदार होते. म्हणजे ठाण्याचे खटले कोर्टात उभे राहिले की त्यातले साक्षीदार शोधायचे, त्यांना समन्स पोचवायचं, ठरल्या दिवशी त्यांना कोर्टात हजर करायचं आणि साक्ष होईपर्यंत ते पळून जाणार नाहीत, घाबरणार नाहीत, दुसऱ्या बाजूच्या चहाला जाणार नाहीत हे बघायचं. माझ्या शाळेतल्या मुलींना हे सांगूनही कळत नसे. शाळा इंग्रजी माध्यमाची, मुली डॉक्टरांच्या आणि कापड व्यापाऱ्यांच्या. पोलीस म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे जीप यायची. पप्पांकडे सायकल होती आणि नंतर एक जुनी मोपेड. मी फारसं समजावत बसले नाही. मला तेव्हाही बोलण्यापेक्षा ऐकणं सोपं वाटायचं, आणि आमच्या घरी ऐकायला भरपूर होतं.

पोलीस लाईनीतल्या दोन खोल्या. मागच्या भिंतीपलीकडे यंत्रमागाचा कारखाना, त्यामुळे घरातलं प्रत्येक बोलणं त्या खटखटीच्या वर थोडा आवाज चढवून व्हायचं. वीज गेली की माग थांबायचे आणि आपण किती मोठ्यानं बोलतोय हे कळून सगळे एकदम गप्प व्हायचे. शेजारच्या तेलुगू मावशी आईला त्यांच्या मराठीत हाक मारायच्या, आई त्यांना तिच्या तेलुगूत उत्तर द्यायची, आणि दोघींना दोघींचं बरोबर कळायचं. संध्याकाळी सहाच्या सुमारास आई परातीत भाकरी थापायला लागली की मागाच्या खटखटीत तो दुसरा, मऊ आवाज मिसळायचा. पाट्यावर शेंगदाण्याची चटणी वाटताना ती मुद्दाम थोडी जाडसर ठेवायची. पप्पांना तशी लागायची. जेवताना ते कमी बोलायचे, पण साक्षीदार घरी असला की बोलायचे.

कारण साक्षीदार घरी यायचे. अक्कलकोटकडच्या आणि सीमेलगतच्या गावांतून अकराच्या पुकाऱ्याला पोचेल अशी एसटी नसायची, त्यामुळे लोक आदल्या दिवशीच सोलापुरात उतरत आणि स्टँडवर पथारी टाकत. पप्पांनी नोकरीच्या सुरुवातीला दोन चांगले खटले त्या स्टँडवर गमावले होते. आरोपीकडची माणसं येतात, हॉटेलात नेतात, पोटभर खायला घालतात, गावाच्या गोष्टी काढतात, आणि सकाळी कोर्टात साक्षीदाराला काही आठवत नाही. पप्पा म्हणायचे, "पैशानं माणूस फुटतो हे सगळे म्हणतात. मी बघितलंय, तो जेवणानं फुटतो. कुणी मायेनं वाढलं की त्याच्याविरुद्ध तोंड उघडत नाही." म्हणून त्यांनी साक्षीदारांना घरी आणायला सुरुवात केली. कुणी त्यांना तसं सांगितलं नव्हतं, कुणी हरकतही घेतली नव्हती. बाहेरच्या खोलीत सतरंजी, आईच्या हातचं जेवण, सकाळी आंघोळीला गरम पाणी, आणि पप्पांचं एकच सांगणं: "जे डोळ्यांनी बघितलं तेच सांगा. विचारतील तेवढंच सांगा. माहीत नसलं तर माहीत नाही म्हणा. खोटं एक अक्षर नको."

आता खरं तर मी इथे थांबून एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या दारातून आत आलं की समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. गावाकडून आलेली माणसं दारावरची आडनावाची पाटी वाचत नसत, पण तसबीर बघत. पुढचं मग ठरलेलं असायचं. कुणाचा उपास निघायचा. कुणाचं पोट बिघडलेलं असायचं. कुणी धोतराच्या सोग्यातून केळी काढायचा. "वैनी, तकलीफ घिऊ नका, आमी स्टँडवर खाऊन आलाव," असं म्हणून माणसं भिंतीकडे तोंड करून झोपायची. आईला ते पहिल्या शब्दाला कळायचं. तरी ती ताट वाढायची, झाकून ठेवायची आणि सकाळी ते ताट तसंच उचलायची. काही जण जेवायचेही, तरुण असले तर गपागप, पण त्यांचं लक्ष दाराकडे असायचं. पप्पा त्यावर कधी बोलत नसत. सकाळी त्याच माणसाला मोपेडवर मागे बसवून कोर्टात न्यायचे.

गंगव्वा आली तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. पन्नाशीची, उंच, हिरव्या इरकली लुगड्यातली बाई. मराठी बोलताना मधेच कानडीत जायची आणि तिच्या ते लक्षातही येत नसे. तिचा धाकटा मुलगा सिद्धाराम सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून मारला गेला होता. शेजारच्या शेतातल्या दोघा भावांनी त्याला मोटारीच्या खोपटापाशी पाडलं होतं. गंगव्वा त्याची न्याहारी घेऊन बांधावरून येत होती आणि तिनं ते पाहिलं होतं. पाहणारे आणखी दोन मजूर होते. त्या दोघांच्या साक्षी आधीच्या तारखांना झाल्या होत्या आणि दोघेही फितूर झाले होते. आम्ही तिथं नव्हतोच, म्हणाले. त्यामुळे आता सगळा खटला या एका बाईवर होता. पप्पांनी आईला दारातच हळू आवाजात हे सांगितलं आणि आईनं मान हलवून पदर खोचला.

गंगव्वा आत आली, चपला पायरीवर काढल्या, पाय धुतले. तसबिरीकडे बघितलं. मी कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसले होते आणि पुस्तकावरून तिच्याकडे बघत होते, कारण ते बघणं माझं नेहमीचं होतं. कोण किती वेळ बघतो आणि मग काय म्हणतो. ती थोडा वेळ बघत राहिली.

"डोळं मिटल्यात," ती म्हणाली. "झोपलाय व्हय?"

"ध्यानाला बसलेत," मी म्हटलं.

"बरं हाय. माझा सिद्धू बसल्या बसल्या झोपायचा. ट्रॅक्टरवर सुदीक." मग आईकडे वळून, "वैनी, भाकरी कुटवर आली? सकाळपासनं पोटात काय न्हाई बगा."

आईच्या हातातला उंडा तसाच राहिला. मग तिनं भराभर भाकरी थापायला घेतली. वांग्याची भाजी, आमटी, चटणी, कांदा. गंगव्वा चुलीजवळ बसावं तशी गॅसच्या ओट्याखाली आईच्या पायाशीच बसली आणि तव्यावरची भाकरी थेट ताटात घेऊन जेवली. दुसरी घेतली. मग अर्धी. चटणी बोटावर घेऊन म्हणाली, "लसूण कमी घालतासा तुमी." आई म्हणाली, "ह्यांना जास्त चालत न्हाई." "त्यास्नी काय कळतंय, पोलीस माणूस," गंगव्वा म्हणाली आणि पप्पा ताटावरून मान वर न करता हसले. किती दिवसांनी आमच्या घरात एखादा साक्षीदार असा बोलला होता. जेवण झाल्यावर ती आईबरोबर भांडी घासायला बसली. आई नको नको म्हणत होती, पण तिच्या आवाजात नको नव्हतं. दोघी मोरीपाशी बसून किती तरी वेळ बोलत होत्या. मला मागाच्या आवाजात अर्धंच ऐकू आलं. सिद्धारामला वांगं आवडायचं नाही, एवढं ऐकलं. आणि एकदा आईचं हुंदका आवरणं.

सकाळी तिनं माझा हात धरला. "ही पोरगी येऊ दे की माझ्यासंगं. कोर्टात बायामाणूस न्हाई वळखीचं." पप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी न्यायाधीश व्हावं अशी त्यांची इच्छा होती. बारावीनंतर त्यांनीच मला कायद्याच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला घातलं होतं. मी लाजरी आहे, वर्गात उत्तर येत असून हात वर करत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. न्यायाधीशाला फार बोलावं लागत नाही असा त्यांचा युक्तिवाद होता. "चल," म्हणाले. "बघून तरी घे."

कोर्टाची खोली मला वाटली होती त्यापेक्षा लहान होती. पंखा, वकिलांच्या काळ्या कोटांचा घामट वास, मागच्या बाकांवर गावातली माणसं. आरोपीकडची दहाबारा, आणि गंगव्वाच्या भावकीतलीही चारपाच. ती पिंजऱ्यात उभी राहिली, शपथ घेतली. सरकारी वकिलांनी विचारलं तसं तिनं सगळं सांगितलं. कुठे होती, डोक्यावर काय होतं, कुणाच्या हातात काय होतं, कुणी पहिला घाव घातला. सिद्धारामचं नाव घेताना फक्त एकदा कठडा धरला. पप्पा दाराशी उभे होते. त्यांचे खांदे सैल झालेले मला दिसले.

मग आरोपीचे वकील उठले. वयस्कर, मृदू बोलणारे. तिला "आई" म्हणाले. विहीर, अंतर, दृष्टी, जुनं भांडण असं फिरून फिरून विचारलं, ती डगमगली नाही. मग सहज, कागद चाळत म्हणाले, "आई, गाव लांबचं तुमचं. काल कुठं उतरलात?"

आज मला माहीत आहे की हा नेहमीचा प्रश्न आहे. विचारून बघायचा. लागला तर लागला. मी पुढे न्यायाधीश झाले नाही. मी कोर्टात लघुलेखक आहे, लातूरकडच्या एका जिल्ह्यात. लोक बोलतात ते मी उतरवते. माझ्या स्वभावाला ते मानवतं. हा प्रश्न मी इतक्या वेळा टंकलाय की न्यायाधीश बोलायच्या आधीच माझी बोटं त्या अक्षरांवर असतात. पप्पांच्या साक्षीदारांनाही तो पूर्वी विचारला गेलाच होता. आणि त्या सगळ्यांनी उत्तर दिलं होतं: स्टँडवर झोपलो. हॉटेलात खाल्लं. पप्पांनी त्यांना तसं बोलायला कधीच सांगितलं नव्हतं. मागच्या बाकांवर गाव बसलेलं असायचं, आणि गावासमोर आमच्या घरी राहिल्याचं, जेवल्याचं कबूल करायची त्यांची तयारी नसायची, एवढंच. त्यांच्या त्या लाजेनं पप्पांचे खटले इतकी वर्षं सांभाळले होते. पप्पांच्या हे कधी लक्षात आलं नव्हतं. या प्रश्नाचा त्यांनी विचारच केला नव्हता.

"हवालदारभाऊंच्या घरी उतरले की," गंगव्वा म्हणाली.

वकिलांनी कागद खाली ठेवला. "कोणते हवालदार?"

"ते काय, दारात हाईत."

सगळी खोली पप्पांकडे वळली. मागच्या बाकावर कुणीतरी कुणाच्या कानात बोललं.

"जेवलात पण तिथेच? त्यांच्या घरचं?" यातलं 'त्यांच्या' त्यांनी जरा लांबवलं. ते कागदावर उतरत नाही.

"व्हय. वैनीनं गरम वाढलं, जेवले. अडीच भाकरी खाल्ल्या." हे बोलताना तिनं मागच्या बाकाकडे बघितलं होतं, आपल्याच माणसांकडे, मान जराशी वर करून. मी ते बघितलं.

"आणि कोर्टात काय बोलायचं, ते हवालदारांनी सांगितलं?"

"सांगितलं की. खरं तेवढंच बोला म्हणाले."

न्यायाधीशांनी लघुलेखकाला सांगितलं आणि ते असं उतरलं: 'साक्षीच्या आदल्या दिवशी मी पैरवी हवालदाराच्या घरी मुक्कामास होते व तेथेच जेवण केले, हे खरे आहे. न्यायालयात काय बोलायचे हे त्यांनी मला सांगितले होते, हे खरे आहे. खरे तेवढेच बोला, असे त्यांनी सांगितले.' शेवटचं वाक्यही घेतलं गेलं. पण युक्तिवादाच्या दिवशी वकिलांनी आधीची दोनच वाचली. पोलिसाच्या घरी राहिलेली, पोलिसाचं खाल्लेली, पोलिसानं पढवलेली एकुलती एक साक्षीदार, तीही मयताची आई.

कोर्टातून बाहेर पडताना गंगव्वा मला म्हणाली, "नीट बोलले न्हवं का गं?" मी म्हटलं, "हो, खूप नीट." दुसरं काय म्हणणार? खरंच ती नीट बोलली होती. पप्पा तिला स्टँडवर सोडून आले, एसटीत बसवलं, खिडकीतून पाण्याची बाटली दिली. संध्याकाळी त्यांनी आईला कोर्टातलं सगळं सांगितलं. आई तांदूळ निवडत होती.

"भर कोर्टात सांगितलं तिनं?" आई म्हणाली. "गावातली माणसं होती?"

"होती."

"आपल्या घरी जेवले म्हणाली?"

"अडीच भाकरी म्हणाली."

आईच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरू शकत नाही. तिला हसू येत होतं. मग तिनं पप्पांच्या तोंडाकडे बघितलं आणि ते हसू तिथल्या तिथे थांबलं, आणि तिला पुढचं समजायला लागलं. तिनं ताट बाजूला सरकवलं. "म्हणजे माझ्या भाकरीनं," एवढंच म्हणाली. पप्पा म्हणाले, "तुझ्या नाही. माझ्या." त्यानंतर आमच्या घरी साक्षीदार आला नाही.

निकाल लागला तेव्हा पावसाळा संपत आला होता. दोघेही भाऊ सुटले. निकालपत्रात कारणं बरीच होती, फिर्यादीला झालेला उशीर, न मिळालेलं हत्यार, फितूर झालेले साक्षीदार. त्यात एक परिच्छेद आमच्या घराबद्दल होता. ठाण्याच्या साहेबांनी पप्पांना बोलावून झापलं, पैरवीच्या कामावरून काढून मुख्यालयात गार्ड ड्युटीला टाकलं. त्यांनी तेही खाली मान घालून सोसलं. त्यांना एकच लागून राहिलं होतं, अपील. सरकारी वकिलांनी वरच्या कोर्टात अपील करावं असं मत पाठवलं होतं आणि ते मंजूर होईल अशी पप्पांना आशा होती. कदाचित फेरसुनावणी होईल, कदाचित गंगव्वाची साक्ष परत होईल. आणि तेव्हा तिला परत तोच प्रश्न विचारला जाईल. ती खोटं बोलणार नव्हती. तेव्हा तिनं परत या घरात पाऊल ठेवलेलंच असू नये, इतकंच त्यांच्या हातात होतं. पुढे अपील काही झालं नाही. वरून नकार आला, पण तो कळायला वर्ष गेलं.

ती निकालानंतर आठेक दिवसांनी आली, दुपारी. पप्पांची सुट्टी होती. लाईनीच्या तोंडाशी चहाच्या गाड्यावर त्या दोघा भावांचा मेहुणा मोबाईल घेऊन बसलेला पप्पांनी सकाळीच पाहिला होता. ती येणार म्हणून बसला असेल, नसेलही. गंगव्वानं पायरीवर चपला काढल्या आणि तेवढ्यात पप्पा दारात जाऊन उभे राहिले, दोन्ही हात चौकटीला. मी त्यांच्या पाठीमागे होते. आई स्वयंपाकघरातून निघाली होती. पप्पांनी मागे न बघता एक हात मागे नेऊन, तळवा दाखवून तिला थांबवलं, आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली.

"काय काम काढलं?" पप्पा म्हणाले. असा कोरडा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"काम काय. सुटलं ते. गावात फिरत्यात. माझा थोरला म्हणतो, सोलापूरला जा, भाऊस्नी इचार." ती थांबली. "माझं काय चुकलं, भाऊ? मी बोलताना काय इसरले का?"

पप्पांकडे उत्तर होतं. ते एका वाक्याचं होतं. पण ते ऐकून ती उरलेलं आयुष्य काय घेऊन जगली असती, हे त्यांनी त्या क्षणी मनात मोजलं असावं. "तुमचं काही चुकलं न्हाई," ते म्हणाले. "कोर्टाचं काम असतंय तसं. अपील होईल. काही विचारायचं असलं तर सरकारी वकिलांच्या ऑफिसात जायचं. घरी यायचं न्हाई."

"न्हाई का?"

"न्हाई."

ती त्यांच्या खांद्यावरून आत बघायला लागली. मी तिला दिसले असणार. पप्पांनी सांगायच्या आधी माझं काहीच बोलणं बरोबर ठरलं नसतं, आणि त्यांनी सांगितलं नाही.

"वैनी न्हाईत व्हय घरात?"

"न्हाईत. माहेरी गेल्यात."

आत कुकरची शिट्टी झाली.

लांब, पूर्ण शिट्टी. पप्पा हलले नाहीत. भिंतीला टेकलेल्या आईनं पदर तोंडात धरला. गंगव्वा शिट्टी संपेपर्यंत ऐकत उभी राहिली. तिच्या तोंडावर राग आला नाही. काहीतरी ओळखीचं ऐकावं तसं ते तोंड झालं, आणि मग बंद झालं. तिनं वाकून चपला सरळ केल्या, एकेक करून पाय घातले.

"जेवायला न्हवते आले, भाऊ," ती म्हणाली, आणि पायरी उतरली.